प्रेषिताची पारख

पहिल्या शतकाच्या अखेरीस, किंवा फार तर दुसऱ्याच्या सुरुवातीला, कुणीतरी ख्रिस्ती मंडळ्यांसाठी एक छोटी नियमपुस्तिका लिहिली. 'दिदाखे' या नावाने ती ओळखली जाते. बाप्तिस्मा कसा द्यावा, उपास कोणत्या वारी करावा, प्रभुभोजनाच्या वेळी प्रार्थना कोणती म्हणावी, असे रोजच्या व्यवहाराचे नियम तीत आहेत. एक प्रकरण आल्यागेल्या पाहुण्यांविषयी आहे. प्रेषित दारी आला तर प्रत्यक्ष प्रभूच आला असं समजून त्याला घरात घ्या, असं ते सांगतं. त्याने एक दिवस राहावं, नडच असेल तर दुसरा. तिसऱ्या दिवशीही त्याने मुक्काम हलवला नाही तर तो खोटा समजावा. निघताना त्याला पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकरी बांधून द्यावी. त्याने पैसे मागितले, तरी तो खोटाच.

ही पुस्तिका कित्येक शतकं नजरेआड होती. १८७३ मध्ये फिलोथेओस ब्रायेन्निओस या ग्रीक ऑर्थोडॉक्स विद्वानाला काँस्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात तिची १०५६ सालची हस्तलिखित प्रत सापडली आणि दहा वर्षांनी ती छापून आली. प्रेषित म्हणजे येशूचे बारा शिष्य आणि त्यांच्या जोडीला पौल, एवढंच ठाऊक असलेल्या वाचकांना ती वाचून धक्का बसला असेल. इथले प्रेषित बिननावाचे आहेत, गावोगाव फिरणारे आहेत, किती आहेत याची मोजदाद नाही. आणि खरा कोण, खोटा कोण हे ठरवण्याचं काम ज्यांच्या घरी तो जेवतो त्या साध्या माणसांवर सोपवलेलं आहे.

आज प्रेषितांविषयीचा वाद जगभर पुन्हा पेटला आहे. घाना, नायजेरिया, ब्राझील, अमेरिका इथल्या कितीतरी मोठ्या मंडळ्यांचे प्रमुख स्वतःला प्रेषित म्हणवतात. आपल्याकडे पंजाबात जालंधरजवळच्या खांब्रा इथल्या मोठ्या स्वतंत्र चर्चचे संस्थापक 'अपॉस्टल' याच उपाधीने ओळखले जातात. दुसऱ्या बाजूला कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन आणि बहुसंख्य प्रोटेस्टंट मंडळ्या म्हणतात की ते पद पहिल्या पिढीबरोबर संपलं. 'आज प्रेषित असू शकतात का?' या प्रश्नावर दोन्हीकडून ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. मला मात्र त्याहून निकडीचा वाटतो तो दिदाखेचा प्रश्न: एखाद्याला प्रेषित म्हणून मान्यता द्यायची कुणी, आणि ती काढून घ्यायची कुणी?

नव्या करारात याचं एकच एक उत्तर नाही. यहूदा इस्कर्योताची जागा रिकामी झाली तेव्हा उरलेल्या अकरा जणांनी अट घातली की, योहानाच्या बाप्तिस्म्यापासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंत जो सतत आपल्याबरोबर होता आणि ज्याने उठलेल्या येशूला पाहिलं, असाच माणूस हवा. दोन नावं पुढे आली, चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थिया निवडला गेला. ही अट काटेकोर लावली तर पौलही प्रेषित ठरत नाही. येशूच्या हयातीत तो त्याच्याबरोबर कधीच नव्हता, उलट पुढे त्याच्या अनुयायांचा छळ करत होता. तरीही आपल्याला माणसांनी नव्हे तर थेट ख्रिस्ताने नेमलं, असं पौल ठासून सांगतो. बर्णबालाही 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात प्रेषित म्हटलं आहे. म्हणजे बारा हा आकडा पवित्र मानला तरी पहिल्या पिढीतच वर्तुळ त्याबाहेर गेलं होतं.

पौलाचं उदाहरण मोलाचं आहे ते पुढच्या घटनांमुळे. थेट ख्रिस्ताने नेमलं असं म्हणणारा हा माणूस यरुशलेमला जातो, आपण काय शिकवतो ते तिथल्या पुढाऱ्यांसमोर मांडतो आणि याकोब, पेत्र, योहान त्याच्याशी उजवा हात मिळवून सहभागिता मान्य करतात. वरून आलेल्या बोलावण्याचा दावा त्याने सोडला नाही, पण बरोबरीच्या माणसांपुढे तो तपासायला ठेवला. नंतर अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांच्या पंगतीतून उठला, तेव्हा पौलाने सगळ्यांच्या देखत त्याला सुनावलं. बारांमधला अग्रगण्य प्रेषितही चुकू शकतो आणि त्याला भर सभेत जाब विचारता येतो, हे त्या प्रसंगात नोंदलं गेलं आहे. पौलाने करिंथकरांना लिहिताना खोट्या प्रेषितांविषयी कडक इशारा दिला आहे. प्रकटीकरणाच्या पुस्तकात तर इफिसच्या मंडळीचं कौतुक करताना एक गोष्ट आवर्जून सांगितली आहे: स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्यांची तिने परीक्षा घेतली आणि ते खोटे आहेत हे शोधून काढलं.

युनिया या स्त्रीविषयी इथेच थोडं सांगायला हवं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल अंद्रोनीक आणि युनिया या दोघांना सलाम सांगतो आणि प्रेषितांमध्ये ते नामांकित आहेत असं म्हणतो. चौथ्या शतकातल्या योहान ख्रिसोस्तोमने या स्त्रीला प्रेषित म्हणवून घेण्याचा मान मिळाला म्हणून तिची स्तुती केली. पुढे मात्र स्त्री प्रेषित असेलच कशी, या विचाराने अनेक अभ्यासकांनी ते पुरुषाचं नाव मानलं. विसाव्या शतकातल्या प्रमाण ग्रीक आवृत्त्यांतही दीर्घकाळ तसंच छापलं जात होतं. शतकाच्या अखेरीस ते दुरुस्त झालं. एकदा मिळालेली मान्यता किती सहज पुसली जाऊ शकते, याचं इतकं ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये मग्दालिया मरियेच्या स्मरणदिनाला, २२ जुलैला, प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा दर्जा दिला. उठलेल्या येशूची बातमी शिष्यांपर्यंत तिनेच पोचवली, म्हणून जुन्या परंपरेत तिला प्रेषितांची प्रेषित म्हणत आलेच होते. अधिकृत मान्यतेला मात्र इतका काळ लागला.

फिरत्या प्रेषितांचा काळ लवकरच मागे पडला. दुसऱ्या शतकात स्थानिक मंडळीचा प्रमुख म्हणून बिशप स्थिरावला. कारण उघड आहे. खरी शिकवण कोणती यावर भांडणं सुरू झाली, आणि आपल्याला गुप्त ज्ञान मिळालं आहे असं सांगणारे पंथ निघाले. त्यांना उत्तर म्हणून इ. स. १८०च्या सुमारास लियोनचा बिशप इरेनेयस याने रोमच्या बिशपांची यादीच मांडली: पेत्र आणि पौल यांच्यापासून आजपर्यंत कुणानंतर कोण आलं ते पाहा, शिकवण या साखळीतून उघडपणे आली आहे, गुपचूप काही आलेलं नाही. ३८१ च्या काँस्टँटिनोपल परिषदेशी जोडलेल्या मतांगीकारात मंडळीचं वर्णन एक, पवित्र, सार्वत्रिक आणि प्रेषितीय असं आलं. मराठी कॅथलिक मिस्सेतही ते म्हटलं जातं. या विचारसरणीत प्रेषित गेले, पण त्यांचा वारसा बिशपच्या डोक्यावर ठेवलेल्या हातांतून पुढे चालत राहिला.

आपल्या किनाऱ्यावरही या साखळीची एक जुनी खूण आहे. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मास लिहितो की, 'कॅलियाना' इथे इराणहून नेमून आलेला बिशप आहे. हे कॅलियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बरेच अभ्यासक मानतात. केरळातल्या ख्रिस्ती लोकांची परंपरा तर थेट प्रेषित थोमापर्यंत जाते, इ. स. ५२ मध्ये तो मुझिरिसला उतरला, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. इतिहासकारांना त्याचा निर्विवाद पुरावा मिळालेला नसला तरी, आपली मंडळी कुणा प्रेषिताने स्थापली ही जाणीव किती खोलवर जाते ते त्यावरून कळतं. गोव्यातला फ्रान्सिस झेविअर हा वेगळा प्रकार. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला आणि दहा वर्षांनी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारला. कॅथलिक जगात त्याला 'इंडीजचा प्रेषित' म्हणतात. ही मानाची उपाधी आहे, नव्या प्रदेशात श्रद्धा नेणाऱ्याला लोकांनी दिलेली. आयर्लंडच्या पॅट्रिकला आणि जर्मनांच्या बोनिफेसला ती तशीच मिळाली. यातल्या कुणीही स्वतःच्या नावामागे ती लावली नव्हती.

सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट सुधारकांनी बिशपांची साखळी नाकारली, पण प्रेषितपद पुन्हा सुरू करण्याचा विचार त्यांना रुचला नाही. प्रेषित, संदेष्टे आणि सुवार्तिक ही पदं मंडळी उभी राहीपर्यंतची होती, पाळक आणि शिक्षक ही कायमची, अशी विभागणी कॅल्विनने केली. देव गरज पडेल तेव्हा प्रेषितासारखा माणूस उभा करू शकतो, एवढी फट त्याने ठेवली होती आणि ल्यूथरचा विचार करताना ती त्याला उपयोगी पडली.

ती फट १८३५ मध्ये एकाच वर्षी दोन ठिकाणी दार होऊन उघडली. १४ फेब्रुवारी १८३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कर्टलंड इथे जोसेफ स्मिथच्या अनुयायांनी बारा प्रेषितांची परिषद नेमली. मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संघटनेचे आज जगभर १ कोटी ७० लाखांहून अधिक सभासद आहेत आणि ती परिषद अजून चालू आहे. तिथे प्रेषितपद आमरण असतं, सर्वांत ज्येष्ठ प्रेषित अध्यक्ष होतो, जागा रिकामी झाली की अध्यक्ष नवा माणूस बोलावतो आणि अधिवेशनात सभासद हात वर करून त्याला पाठिंबा देतात. १८४४ मध्ये जमावाने स्मिथला ठार केलं तेव्हा वारसाहक्काचा प्रश्न चिघळला होता, पण बहुतेक लोक बारा प्रेषितांच्या आणि त्यांचा प्रमुख ब्रिगम यंग याच्या मागे गेले. इतर ख्रिस्ती मंडळ्या त्यांचं प्रेषितपद मानत नाहीत. व्हॅटिकनने २००१ मध्ये त्यांचा बाप्तिस्माही ग्राह्य धरायला नकार दिला.

दुसरी घटना इंग्लंडमधली, आणि मला ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत हृदयस्पर्शी वाटते. एडवर्ड आयर्विंग हा स्कॉटिश प्रवचनकार लंडनमध्ये कमालीचा गाजलेला होता. १८३१ मध्ये त्याच्या मंडळीत लोक अन्य भाषांत बोलू लागले, भविष्यवाणी करू लागले. स्कॉटिश चर्चने त्याला आधी चर्चबाहेर काढलं, मग पाळकपदावरून दूर केलं. इकडे भविष्यवाणीतून एकेका माणसाला प्रेषित म्हणून नाव मिळू लागलं. पहिला होता जॉन बेट कार्डेल, पेशाने वकील. दुसरा हेन्री ड्रमंड, बँकर आणि खासदार. सरे परगण्यातल्या आल्बरीच्या त्याच्या इस्टेटीवर शास्त्राभ्यासाच्या बैठका भरत. पुढच्यांमध्ये खून झालेल्या पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचा त्याच नावाचा मुलगाही होता. आयर्विंग स्वतः प्रेषित झाला नाही. पदच्युत होऊन लंडनला परतल्यावर कार्डेलने डोक्यावर हात ठेवून नव्याने दीक्षा देईपर्यंत त्याला सेवा करता आली नाही. ज्याच्या व्यासपीठावरून हे सगळं सुरू झालं तोच आता दुसऱ्याच्या हाताखाली होता. १८३४ च्या डिसेंबरमध्ये ग्लासगोत तो वारला, वय अवघं बेचाळीस.

१८३५ च्या जुलैत बारांची संख्या पुरी झाली. वर्षभर आल्बरीत एकत्र बसून शास्त्र वाचल्यावर त्यांनी ख्रिस्ती जगाचे बारा विभाग पाडले आणि ते आपसांत वाटून घेतले: कार्डेलकडे इंग्लंड, पर्सिव्हलकडे इटली, वकील थॉमस कार्लाइलकडे उत्तर जर्मनी. (हा प्रसिद्ध लेखक कार्लाइल नव्हे.) पोप, ऑस्ट्रियाचा सम्राट आणि फ्रान्सचा राजा यांच्यासाठी त्यांनी एक मोठं निवेदन तयार केलं: ख्रिस्त लवकरच परत येणार आहे, विभागलेल्या मंडळीला एकत्र करायला देवाने प्रेषित पुन्हा दिले आहेत. त्यांना नवा पंथ काढायचा नव्हता. मेणबत्त्या, धूप, झगे, पूर्वेकडच्या मंडळ्यांतल्या प्रार्थना, सगळ्या परंपरांतलं उत्तम ते त्यांनी आपल्या उपासनेत घेतलं. 'कॅथलिक अपोस्टोलिक चर्च' हे नावही सगळ्या मंडळीचं म्हणूनच त्यांनी वापरलं. लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमधली त्यांची भव्य गॉथिक वास्तू आजही उभी आहे.

आणि मग प्रेषित मरू लागले. १८४० मध्ये बारांमधला डंकन मॅकेंझी बाजूला झाला होता. १८५५ मध्ये एकाच वर्षी तीन प्रेषितांचं निधन झालं. रिकाम्या जागी नवे नेमायचे का? उरलेल्यांनी नाही म्हटलं. देवाने बारा दिले होते ते ख्रिस्ताच्या आगमनाच्या तयारीसाठी, वंशपरंपरा चालवण्यासाठी नव्हे, असा त्यांचा विश्वास होता. परिणाम त्यांना पूर्ण ठाऊक होता: त्यांच्या नियमाप्रमाणे याजकांना दीक्षा प्रेषितच देऊ शकत असे. शेवटचा प्रेषित फ्रान्सिस व्हॅलेंटाइन वुडहाऊस १९०१ मध्ये वारला आणि त्या दिवसापासून दीक्षा कायमची थांबली. याजक म्हातारे होत गेले, एकेक वेदी बंद होत गेली. शेवटचा याजक १९७१ मध्ये लंडनमध्ये वारला. सभासद आजही काही ठिकाणी जमतात, पण पवित्र प्रभुभोजन देणारं कुणी उरलेलं नाही. त्यांच्या शिकवणीतलं बरंच मला पटत नाही. पण आपल्याला मिळालेला अधिकार आपणच दुसऱ्याला वाटायचा नाही, हे तत्त्व स्वतःची संघटना संपेपर्यंत पाळणारी माणसं विरळा, आणि त्यांच्याविषयी मला आदर वाटतो.

सगळ्यांनाच ते मान्य नव्हतं. जर्मनीत हाइनरिख गायर या संदेष्ट्याने नवे प्रेषित पुकारले, हॅम्बुर्गची मंडळी त्याच्या बाजूने उभी राहिली आणि १८६३ मध्ये तिला बाहेर काढलं गेलं. त्या फुटीतून पुढे 'न्यू अपोस्टोलिक चर्च' उभं राहिलं. तिथे प्रेषितांची संख्या बारावर अडकली नाही. त्यांच्या शिरावर मुख्य प्रेषित आला आणि जिवंत प्रेषिताच्या हातून 'मुद्रांकन' हा संस्कार होऊ लागला. आज या चर्चचे सुमारे ९० लाख सभासद आहेत, त्यातले बहुसंख्य आफ्रिकेत. मुख्यालय झुरिकला आहे, भारतातही मंडळ्या आहेत. पण अधिकार एकाच माणसाच्या हाती गोळा झाला की काय होतं तेही याच चर्चने अनुभवलं. १९५१ च्या नाताळात मुख्य प्रेषित योहान गॉटफ्रिड बिशॉफ यांनी जाहीर केलं की, ख्रिस्त आपल्या हयातीतच परत येईल. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. हा संदेश श्रद्धेचा भाग ठरला, शंका घेणाऱ्या प्रेषितांनाही बाहेर जावं लागलं, घरंच्या घरं दुभंगली. १९६० मध्ये बिशॉफ वारले. बाहेर गेलेल्यांशी समेटाची पावलं पडायला अर्धशतक लागलं.

विसाव्या शतकातलं प्रेषितपद कोळशाच्या खाणींमधून वर आलं, असं म्हटलं तरी चालेल. १९०४-०५ च्या वेल्समधल्या पुनरुज्जीवनात डॅनियल पॉवेल विल्यम्स या खाणकामगाराचं मन बदललं. पेनिग्रोस या खेड्यात तो पाळक झाला, भविष्यवाणीतून प्रेषित म्हणून त्याचं नाव आलं आणि त्याचा धाकटा भाऊ संदेष्टा झाला. १९१६ पासून 'अपोस्टोलिक चर्च' हे त्यांचं वेगळं संघटन. त्याचे मिशनरी नायजेरियात गेले, गोल्ड कोस्टला म्हणजे आजच्या घानात गेले. घानात १९३७ मध्ये पोचलेल्या जेम्स मॅकिऑन यांच्या कामातून आजचं 'चर्च ऑफ पेंटेकोस्ट' वाढलं. तिथे प्रेषित हे पद आहे, पण ते कुणी स्वतःहून घेत नाही. वर्षानुवर्षं पाळक म्हणून बदल्यांवर खेडोपाडी काम केलेल्या माणसाला चर्चच्या सभेत विचारविनिमय होऊन तिकडे बोलावलं जातं. चर्चचा अध्यक्ष प्रेषितांमधूनच निवडला जातो, तोही ठरावीक मुदतीसाठी. मुदत संपली की तो उतरतो, नवा येतो. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने ज्याला दैवी देणगीचं रोजच्या व्यवस्थेत रूपांतर म्हटलं त्याचं हे चांगलं फळ म्हणावं लागेल.

उलट दिशेचं उदाहरण उत्तर अमेरिकेतलं. १९४८ मध्ये कॅनडातल्या नॉर्थ बॅटलफर्ड इथल्या एका बायबल शाळेत 'लॅटर रेन' नावाची चळवळ सुरू झाली. प्रेषित आणि संदेष्टे यांची पदं देव आता पुन्हा देत आहे, असा तिचा दावा होता. पेंटेकोस्टल लोकांची एक मोठी अमेरिकन संघटना असेंब्लीज ऑफ गॉड हिने पुढच्याच वर्षी तो ठराव करून नाकारला. २००१ मध्ये तिने या विषयावर पुन्हा भूमिका मांडली: प्रेषितासारखं काम आजही होतं, नवीन भागात मंडळ्या उभ्या राहतात, पण त्यासाठी पद किंवा उपाधी मानण्याची गरज नाही. मला ही भूमिका शहाणपणाची वाटते.

पण तोवर वारं फिरलं होतं. बोलिव्हियात सोळा वर्षं मिशनरी राहिलेले आणि नंतर कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत मंडळ्यांची वाढ हा विषय शिकवणारे पीटर वॅग्नर यांच्या लक्षात आलं की, आफ्रिका, चीन आणि लॅटिन अमेरिकेत ज्या मंडळ्या वेगाने वाढतात त्या कुठल्याच जुन्या संप्रदायात बसत नाहीत. त्या एकेका प्रभावी माणसाभोवती जमलेल्या जाळ्यासारख्या आहेत. १९९६ मध्ये त्यांनी या विषयावर परिषद घेतली आणि या प्रवाहाला 'न्यू अपोस्टोलिक रिफॉर्मेशन' असं नाव दिलं. त्यांचं निरीक्षण अचूक होतं. या प्रवाहाचं मुख्य वेगळेपण म्हणजे समितीऐवजी व्यक्तीवर सोपवलेला अधिकार, हे त्यांनीच स्पष्ट लिहिलं. त्यांनी प्रेषितांचे प्रकार पाडले, अगदी व्यापार-उद्योगातल्या प्रेषितांपर्यंत, आणि प्रेषितांची आंतरराष्ट्रीय संघटना चालवली. तिचं सभासदत्व निमंत्रणाने मिळे आणि त्यासाठी वर्गणी भरावी लागे. दिदाखे लिहिणाऱ्याला हे सांगितलं असतं तर त्याला काय वाटलं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

या व्यवस्थेची कसोटी २००८ मध्ये फ्लोरिडातल्या लेकलंड इथे लागली. कॅनडाहून आलेल्या एका तरुण प्रचारकाच्या आरोग्यसभांना त्या वर्षी एप्रिलपासून प्रचंड गर्दी होऊ लागली आणि टीव्हीवरून त्या जगभर दिसू लागल्या. बरे झाल्याचे दावे, आक्षेप, दोन्ही वाढत होते. २३ जूनला वॅग्नर आणि इतर नामवंत प्रेषितांनी भर सभेत त्याच्यावर हात ठेवून त्याला मान्यता दिली. त्याला जबाबदार वडीलधाऱ्यांच्या छत्राखाली आणावं, असा वॅग्नर यांचा हेतू होता आणि तो प्रामाणिक होता असं मी मानतो. पण ऑगस्टमध्ये त्याच्या वैवाहिक आयुष्यातल्या बिघाडाची बातमी बाहेर आली, तो बाजूला झाला आणि सभा आटोपल्या. मान्यता कशी दिली गेली, हे इथे महत्त्वाचं आहे. पौलाच्या डोक्यावर अंत्युखियाच्या मंडळीने हात ठेवले, ते त्याला जवळून ओळखणाऱ्या माणसांनी, एकत्र राहून, शिकवून, उपास करून झाल्यावर. लेकलंडला ते कॅमेऱ्यांसमोर एका सभेत उरकलं.

महाराष्ट्राच्या संदर्भात विचार करताना मला नागपूरचा एक दिवस आठवतो, २९ नोव्हेंबर १९७०. त्या दिवशी सहा मंडळ्या एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं. अँग्लिकन लोकांकडे बिशपांची साखळी होती. बॅप्टिस्ट, ब्रदरेन, आणि अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधून वाढलेल्या काँग्रिगेशनल परंपरेतल्या मंडळ्यांकडे ती नव्हती. प्रेषितांचा वारसा कुणाकडे आहे, या एका प्रश्नावर वाटाघाटी कित्येक वर्षं रखडल्या होत्या. शेवटी तोडगा निघाला तो एकमेकांवर हात ठेवण्याचा. कुणाला काय कमी होतं आणि त्या क्षणी देवाने कुणाला काय दिलं, हे प्रार्थनेत मुद्दाम मोकळं ठेवलं गेलं. दक्षिणेत 'चर्च ऑफ साऊथ इंडिया' तेवीस वर्षांआधीच एक झालं होतं, आणि त्याच चर्चने २०१३ मध्ये एगोनी पुष्पा ललिता यांच्यावर हात ठेवून त्यांना नंद्यालच्या बिशप केलं.

आज मुंबई, पुणे, नाशिक, नवापूर या भागांत वाढणाऱ्या मंडळ्यांपैकी कितीतरी स्वतंत्र आहेत. त्यांच्यावर बिशप नाही, सिनड नाही. कुणीतरी एकजण भाड्याच्या खोलीत दहा माणसं जमवून प्रार्थना सुरू करतो, वस्तीवस्तीतून फिरतो, आजाऱ्यांपाशी रात्री जागतो. काही वर्षांत शेकडो माणसं होतात. हे प्रेषितासारखंच काम आहे आणि त्याला मान मिळालाच पाहिजे. अडचण सुरू होते ती पुढे. संस्थापकच पाळक असतो, तोच धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्टचा अध्यक्ष असतो, विश्वस्तांत त्याच्या घरचे असतात आणि फलकावर नावाआधी 'अपॉस्टल' लागतं. ट्रस्टचे हिशेब लेखापरीक्षक तपासतो, विश्वस्त बदलला तर चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. उपाधीपाशी मात्र कुणीच येत नाही, कारण ती देवाने दिली असं सांगितलेलं असतं. मंडळीतल्या माणसांना देवाच्या माणसाविरुद्ध बोलल्याचं पाप लागेल अशी भीती वाटते. ही भीती नव्या कराराला धरून नाही. शेजारच्या मंडळ्यांतले वडीलधारे त्याला किती ओळखतात, त्याच्या शिकवणीवर कुणी हरकत घेतली तर ऐकणारं कोण, तो उद्या चुकला तर त्याला थांबवणारं कोण, हे प्रश्न ट्रस्टच्या पुढच्या सभेत, त्याच्या समोर, कुणीही सभासद विचारू शकतो. पौलाने अंत्युखियात पेत्राला विचारलं होतं ते सगळ्यांच्या देखतच, आणि त्यानंतरही पेत्र प्रेषितच राहिला.